शर्यतीच्या आधीचं एक मिनिट : आउटबोर्ड बोट रेसिंग आणि काठावरचं ते मोठं घड्याळ

मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या बाजूला कधी बोटीत बसला असाल तर आउटबोर्ड मोटर तुम्ही बघितलेलीच आहे, नाव माहीत नसेल कदाचित. बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन, वर डोकं, मधे दांडा, खाली पाण्यात पंखा, आणि वळायचं असेल तर वेगळं सुकाणू वगैरे काही नाही, अख्खं इंजिनच फिरवायचं. आता हेच इंजिन डोळ्यासमोर आणा, पण त्याला सायलेन्सर नाही, गिअर नाही, न्यूट्रल नाही, पेट्रोलच्या जागी मिथेनॉल आणि त्यात एरंडेल तेल (हो, लहानपणी नाक दाबून पाजायचे तेच), आणि हे सगळं लावलंय प्लायवूडच्या दहा-बारा फुटी चपट्या बोटीला. ड्रायव्हर तिच्यात बसत पण नाही, गुडघे टेकून पुढे वाकलेला असतो. अशा दहा-बारा बोटी एकाच वेळी, एकाच रेषेवरून, कुणावरही अन्याय न होता सोडायच्या आहेत. कशा सोडणार?

या एका प्रश्नावर या खेळातल्या लोकांनी जे उत्तर काढलं ते मला अख्ख्या मोटरस्पोर्टमधलं सगळ्यात डोकेबाज उत्तर वाटतं, आणि त्याबद्दल मराठीत कुठे काही वाचायला मिळत नाही म्हणून हे लिहितोय.

आधी हे बघू की साधा स्टार्ट का जमत नाही. गाड्यांच्या रेसमध्ये सगळे रेषेवर उभे राहतात, दिवा बदलला की सुटतात. पाण्यावर उभं राहणं हा प्रकारच नाही, वारा आणि प्रवाह बोटीला ढकलतच असतात. शिवाय या रेसिंग मोटारींना न्यूट्रल नसायचं, पंखा थेट इंजिनला जोडलेला, म्हणजे इंजिन चालू झालं रे झालं की बोट निघाली. आणि इंजिन चालू कसं करायचे? वरच्या फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून हिसका मारायचा. मागे कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला मदतनीस बोटीची मागची बाजू उचलून धरायचा, ड्रायव्हर दोरी ओढायचा, कधी एका हिसक्यात पेटायचं, कधी दहा हिसके मारून खांदा निखळायची वेळ यायची, आणि पेटलं की मदतनिसाने सोडायचं आणि बाजूला व्हायचं, पटकन. बारा जणांची बारा इंजिनं एकाच क्षणी पेटणं शक्यच नाही.

तिसरं कारण जरा फिजिक्सचं आहे. हळू चालणारी बोट पाणी कापत, ढकलत जाते. एका ठराविक वेगानंतर ती पाण्यावर चढते आणि पृष्ठभागावरून घसरायला लागते, याला प्लेनिंग म्हणतात. त्या चढावर बोटीचं नाक आकाशात असतं आणि ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही. एकदा वर आली की मग ती सुसाट. एका जागेवरून सगळ्यांना सोडलं असतं तर ज्याची बोट आधी वर चढली त्याचीच रेस झाली असती, आणि बाकीचे नाकं वर करून आंधळेपणाने एकमेकांच्या अंगावर गेले असते.

म्हणून ठरलं की धावता स्टार्ट घ्यायचा. सगळे आधीच पाण्यात उतरणार, इंजिनं पेटवून कोर्सवर फिरत राहणार, जुन्या काळी यासाठी पाच मिनिटं द्यायचे, आणि शेवटचं एक मिनिट उरलं की पांढरा झेंडा वर जाणार आणि काठावरच्या जजेस स्टँडवरचं मोठं घड्याळ सुरू होणार. या घड्याळाला तास नाही, मिनिट नाही, एकच काटा, साठ सेकंदांत एक फेरी. काटा वर शून्यावर आला की स्टार्ट. त्या क्षणाच्या आधी तुमच्या बोटीचं नाक रेषेच्या पलीकडे गेलं तर तुम्ही बाद, त्याच क्षणी किंवा नंतर गेलं तर ठीक. कुठल्या वेगाने या, कुठून या, किती लांबून पळत या, ते तुमचं तुम्ही बघा.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर फास्ट बॉलरचा रनअप आहे हा. पूर्ण वेगात यायचं पण पाय क्रीजच्या पुढे पडता कामा नये. फरक एवढाच की इथे बाकीचे अकरा बॉलर तुमच्याच पिचवर धावतायत, क्रीज ठराविक सेकंदाला उघडणार आहे, तुम्हाला ब्रेक नाही आणि नो बॉलला फ्री हिटवर भागत नाही, तुम्ही त्या डावातून बाहेर.

मग साधी बंदूक का नाही उडवायची, घड्याळ कशाला? बंदूक उडवायचेही, पण ती काठावरच्या लोकांसाठी जास्त. डझनभर उघड्या एक्झॉस्टची इंजिनं ओरडत असताना ड्रायव्हरला बार ऐकू येणं कठीण. आणि ऐकू आला तरी आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीनशे मीटरवरच्या माणसाला तो जवळजवळ एक सेकंद उशिरा पोचणार आणि रेषेजवळच्याला लगेच. एक सेकंद म्हणजे काय बिघडतं असं वाटेल. ताशी ६० मैल, म्हणजे आपले ९६-९७ किलोमीटर, या वेगाने बोट एका सेकंदात ८८ फूट जाते. अकरा फुटी बोट धरली तर एका मागे एक अशा आठ बोटी मावतील एवढं अंतर. घड्याळाचा काटा मात्र सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो, प्रकाशाला काय, त्याला तीनशे मीटर आणि तीस मीटर सारखंच. शिडाच्या बोटींच्या रेसमध्येही जाणकार लोक तोफेच्या आवाजावर नाही तर धुरावर वेळ लावतात, त्याचं कारण हेच.

आता ड्रायव्हरच्या जागी जाऊन बघा. गुडघ्यावर आहात, खालून बोट आपटतेय, तोंडावर पाणी, एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात दाबून धरायचा थ्रॉटल, जो सोडला की स्प्रिंगने आपोआप बंद होतो (तुम्ही उडून पाण्यात पडलात तर बोट एकटी पळत सुटू नये म्हणून). आणि लांब काठावर एक पांढरी तबकडी, तिच्यावर काटा सरकतोय. काटा बघायचा, रेषा बघायची, शेजारचा कुठे आहे बघायचं. अनुभवी लोक काठावरची एखादी खूण पकडून ठेवायचे, एखादं झाड, जेटी, कुणाची तरी लाल छपराची झोपडी, आणि सरावात मोजून ठेवायचे की त्या झाडापासून पूर्ण थ्रॉटलवर रेषेपर्यंत अमुक सेकंद लागतात. मग रेसमध्ये काम एवढंच की काट्यावर तेवढे सेकंद उरलेले असताना बरोब्बर त्या झाडापाशी असायचं आणि तिथून मागे वळून न बघता दाबायचं. ऐकायला सोपं आहे. पण वारा फिरला, नदीला प्रवाह असला, तीन बोटी पुढे जाऊन पाणी घुसळून ठेवलेलं असलं की हिशोब बिघडला.

आणि तुम्ही म्हणाल, जरा लवकर आलोय असं वाटलं तर थोडं हळू करावं. इथेच खरी गंमत आहे. ही रेसिंगची टू-स्ट्रोक इंजिनं होती, आपल्या जुन्या चेतक आणि आरएक्स १०० च्या जातीची, पण वरच्या आरपीएमलाच जीव असलेली. थ्रॉटल कमी केलं की इंजिन गुदमरायचं, प्लगवर तेल चढायचं, आणि वर बोट प्लेनिंगवरून खाली बसायची. खाली बसलेली बोट परत वर काढेपर्यंत बाकीचे निघून गेलेले. म्हणजे हळू करणं हा पर्याय फार थोडा उपलब्ध, नागमोडी जाऊन वेळ काढायचा किंवा मुळात अंदाजच बरोबर करायचा. इंजिन बंदच पडलं तर तलावाच्या मधोमध हेलकावणाऱ्या बोटीत परत दोरी गुंडाळत बसायचं, आणि घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही.

स्टार्टला एवढं महत्त्व का, तर पुढे गेलेल्या बोटीच्या मागे पाण्याचा उंच पिसारा उठतो आणि मागच्याला अक्षरशः भिंतीतून जावं लागतं. पहिल्या वळणावर जो पहिला पोचला त्याला सपाट पाणी आणि मोकळी नजर, बाकीच्यांना खवळलेलं पाणी आणि आंधळेपणा. तीन-चार फेऱ्यांच्या छोट्या रेसमध्ये हे नुकसान भरून काढायला वेळच मिळत नाही.

म्हणून लवकर निघायचा मोह प्रचंड, आणि त्याला लगाम घालायला पॉइंट्सची पद्धत अशी आहे की बघून दाद द्यावीशी वाटते. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन, जी १९०३ पासून आहे, तिच्या पद्धतीत पहिल्याला ४००, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २२५, मग १६९, १२७ असे पॉइंट, म्हणजे प्रत्येक खालच्या नंबरला वरच्याच्या तीन चतुर्थांश. एका क्लासच्या, म्हणजे एका गटाच्या, साधारण दोन हीट (वेगवेगळ्या फेऱ्यांच्या शर्यती) होतात आणि बेरीज धरतात. आता गणित करा, एका हीटमध्ये तुम्ही झकास जिंकलात, ४००, दुसऱ्यात घड्याळाच्या आधी रेषा ओलांडली, शून्य. एकूण ४००. आणि तो शेजारचा शांत काका दोन्ही वेळा आरामात तिसरा आला, २२५ अधिक २२५, झाले ४५०. काका तुमच्या वर. सगळ्यात वेगवान बोट असलेला माणूस मान खाली घालून घरी, हे या खेळात नेहमी व्हायचं, आणि माझ्या मते हे अगदी योग्य आहे.

घड्याळाबद्दलच एक किरकोळ पण मजेशीर तांत्रिक मुद्दा. असा काटा फिरवायला मेनवर चालणारी सिंक्रोनस मोटर वापरली तर तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो, तलावाच्या काठी जनरेटर लावला आणि तो जरा दमात चालला की घड्याळाचं मिनिट साठ सेकंदांचं राहत नाही. तरी अन्याय कुणावरच नाही कारण सगळे त्याच काट्याकडे बघतायत. फसणार तो फक्त स्वतःचं स्टॉपवॉच लावून आलेला शहाणा.

आता या खेळाचे सोन्याचे दिवस. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झालेला ओले एव्हिनरूड याने १९०९ च्या सुमाराला आउटबोर्ड मोटर धंदा म्हणून चालेल अशी केली. तो पहिला नव्हता, पण विकणं त्याला जमलं. (याची एक गोष्ट सांगतात की पिकनिकला बायको होणाऱ्या मुलीसाठी तलावापलीकडून आइस्क्रीम आणायला वल्हवत गेला आणि येईपर्यंत ते वितळलं, त्यावरून सुचलं. खरी असो नसो, गोष्ट छान आहे.) १९२० च्या दशकात जॉन्सन बंधू हलकी मोटर घेऊन आले आणि मग दोन्ही कंपन्या वेगाच्या मागे लागल्या. १९३० च्या आसपासच्या जॉन्सनच्या रेसिंग मोटारी आणि एव्हिनरूडची चार सिलिंडरची ४-६० यांची नावं जुने शौकीन अजून देवाचं नाव घ्यावं तशी घेतात. त्या काळात हडसन नदीवर ऑल्बनी ते न्यूयॉर्क अशी सव्वाशे मैलांपेक्षा लांब मॅरेथॉन व्हायची, वाटेत तरंगती लाकडं, मोठ्या जहाजांच्या लाटा, आणि हे लोक आपले गुडघ्यावर. दुसऱ्या दिवशी चालता येत असेल का त्यांना, देव जाणे.

खरा भर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. विस्कॉन्सिनच्या सीडरबर्गमध्ये कार्ल किकहेफर नावाचा एक हट्टी माणूस, त्याने १९३९ मध्ये एक बुडीत कारखाना घेतला, तिथे पडून असलेल्या सदोष आउटबोर्ड मोटारी दुरुस्त करून विकल्या आणि त्यातून मर्क्युरी ही आउटबोर्ड मोटारींची कंपनी उभी राहिली. युद्धानंतर मर्क्युरीने दुकानात मिळणाऱ्या अशा मोटारी काढल्या ज्यांच्यावर लिहिलेलं असायचं १० हॉर्सपॉवर आणि प्रत्यक्षात ताकद बरीच जास्त. १९४० च्या दशकाच्या शेवटी स्टॉक आउटबोर्ड नावाचा वेगळा गट सुरू झाला, म्हणजे मोटर दुकानातून घ्यायची, तीच लावायची, पेट्रोलवर चालवायची, आत फार कुरापती करायच्या नाहीत. याने चित्रच पालटलं, कारण मिथेनॉलवाल्या मोटारी म्हणजे मेकॅनिकची जात लागायची, आणि इथे गॅरेजवाला, शेतकरी, शाळकरी पोरगा कुणीही येऊ शकत होता. बोटीचे नकाशे मासिकांत छापून यायचे, बाप आणि पोरगं मिळून हिवाळ्यात गॅरेजमध्ये प्लायवूड कापायचे, उन्हाळ्यात गाडीच्या टपावर बोट, डिकीत मोटर, आणि चालले शनिवारी कुठल्यातरी तलावावर. इंजिनच्या आकारानुसार ए, बी, सी, डी असे क्लास, बी म्हणजे २० घन इंच, साधारण ३३० सीसी. छोट्या छोट्या गावांत बोटींची रेस म्हणजे जत्रा असायची.

वेगाचंही वेड होतंच. १९५८ साली सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर ह्यू एन्ट्रॉपने मर्क्युरीवर ताशी १०७ मैलांचा टप्पा पार केला, दोनच वर्षांनी त्यानेच दुसऱ्या कंपनीच्या मोटरवर १२२ च्या वर नेला. एका कंपनीने रेकॉर्ड केला की दुसरीच्या जाहिरात खात्याला झोप नाही असा मामला. आणि वेड फक्त अमेरिकेत नव्हतं. बर्लिनचे कोनिग हे इंजिनवाले मिथेनॉल क्लासमध्ये अमेरिकनांना घरी येऊन हरवायचे, त्यांचं चार सिलिंडरचं बोटीचं इंजिन न्यूझीलंडच्या किम न्यूकमने उचलून मोटारसायकलला बसवलं आणि १९७३ मध्ये ५०० सीसी वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये त्याचा दुसरा नंबर आला. दुर्दैवाने सीझन संपायच्या आत तो अपघातात गेला. पण बोटीच्या इंजिनाने अगोस्टिनीसारख्या विश्वविजेत्याच्या एमव्ही ऑगस्टा मोटारसायकलला मागे टाकावं ही गोष्ट मला अजून पचत नाही.

मग घड्याळाचं काय झालं? १९६० च्या दशकात पैसा आणि लक्ष मोठ्या बोटींकडे गेलं. पॅरिसमध्ये भर शहरात सीन नदीवर सहा तासांची रेस १९५५ पासून व्हायची. ॲरिझोनाच्या लेक हवासूला मोठ्या शर्यती भरायला लागल्या, ते गावच मुळात रॉबर्ट मॅककलक या चेनसॉ आणि आउटबोर्ड मोटारीवाल्या उद्योगपतीने वसवलं, मोटारींची टेस्टिंग करायला तलाव शोधता शोधता, आणि गावाला गिऱ्हाईक यावं म्हणून १९६८ मध्ये याच बाबाने लंडन ब्रिज विकत घेऊन दगड दगड करून तिथे नेला. खोटं वाटेल पण तो आजही तिथे आहे. इटलीच्या मोलिनारी घराण्याने दोन पायांच्या मधे हवा पकडणाऱ्या टनेल बोटी गाजवल्या, कंपन्यांनी त्यात पैसे ओतले, मोटारींना इलेक्ट्रिक स्टार्टर आले. आणि स्टार्टर आला म्हणजे दोरीची अडचण गेली. आता बोटी जेटीला शेपटी लावून इंजिन बंद करून उभ्या राहू शकतात, लाल दिवे विझले की बटण दाबा आणि सुटा. फॉर्म्युला वन पॉवरबोटमध्ये आज असंच होतं. टीव्हीला हे सोपं पडतं, प्रेक्षकाला लगेच कळतं. मला मात्र ते थोडं अळणी वाटतं, सगळं कौशल्य बटणात आणि बॅटरीत गेलं. मुंबईत मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोट रेस झाली तेव्हा आपल्या लोकांनी हा खेळ जवळून बघितला, पण त्या बोटी आणि ही गुडघ्यावरची जमात यात बैलगाडा आणि बुलेट ट्रेन एवढं अंतर. छोट्या क्लासचं मात्र हळूहळू आटत गेलं, तलावांच्या काठी बंगले आले, आवाजाच्या तक्रारी आल्या, आणि कंपन्यांनी छोट्या रेसिंग मोटारी बनवणंच सोडून दिलं.

पण घड्याळ मेलं नाही, ते जपानला जाऊन श्रीमंत झालं. १९५२ मध्ये नागासाकीजवळ ओमुराला क्योतेई सुरू झाली, सरकारमान्य सट्टा लावता येणारी आउटबोर्ड बोटींची रेस, आज अशी चोवीस मैदानं आहेत. सहा बोटी, तीन फेऱ्या, आणि स्टार्ट हाच, धावता, घड्याळावर. त्यांच्या मोठ्या घड्याळात एक काटा मिनिटाचा आणि दुसरा एक झरझर फिरणारा, बारा सेकंदांत पूर्ण फेरी मारणारा, म्हणजे शेवटचे क्षण मोठे करून दिसावेत. शून्याच्या आधी ओलांडलं तर बाद, आणि शून्यानंतर एक सेकंद उलटून गेला तरी बाद. चांगले ड्रायव्हर ०.१५ सेकंदाच्या आसपास येतात, ८० किलोमीटरच्या वेगाला ते जेमतेम एका बोटीएवढं अंतर. आत एक आणखी पेच आहे, आतली लेन हवी असेल तर लवकर घुसून जागा धरावी लागते, आणि लवकर घुसलं की रेषेपर्यंतची धाव छोटी होते, वेग कमी मिळतो. बाहेरचे लांबून पूर्ण वेगात येतात पण त्यांना वळण लांब पडतं. वेग की जागा, काय ते एका मिनिटात ठरवायचं.

आणि तिथे लवकर निघाल्याची किंमत नुसते पॉइंट नाही. ज्यांनी त्या बोटीवर पैसे लावले त्या सगळ्यांचे पैसे परत द्यावे लागतात, रेस चालवणाऱ्यांचं उत्पन्न बुडतं, आणि ड्रायव्हरला महिनाभर घरी बसवतात, त्या महिन्यात कमाई शून्य. दोन-तीन बोटी एकदम लवकर सुटल्या की काठावर काय वातावरण होत असेल विचार करा.

या जपानी रेसमधल्या मोटारी यामाटो नावाच्या, दोन सिलिंडर, ४०० सीसीच्या जरा आत, मैदानाच्या मालकीच्या, ड्रायव्हरला चिठ्ठी काढून मिळतात. तिथे वापरून झालेल्या या मोटारी अमेरिकेतल्या स्टॉक रेसवाल्यांनी घ्यायला सुरुवात केली, कारण त्यांच्याकडे नवीन कुणी बनवतच नव्हतं, आणि त्यांच्यासाठी तिथे वेगळा क्लाससुद्धा आहे. इलिनॉयमधल्या डिप्यूसारख्या छोट्या गावात आजही उन्हाळ्यात छोट्या आउटबोर्ड बोटींच्या मोठ्या शर्यती भरतात. व्हिडिओ मिळाले तर बघा, फक्त बोटी दिसायला लागल्या की लगेच पहिला कोण ते शोधू नका, कॅमेऱ्यात कुठे घड्याळ दिसतंय का ते बघा आणि शेवटच्या दहा सेकंदांत कोण थ्रॉटल सोडतो त्याच्यावर नजर ठेवा, बहुतेक वेळा तो हरलेला असतो.